फिलिप, मेहुणा आणि मी

पीण्यात दर दुसऱ्या शेडवर ‘प्रिसिजन’ असं लिहिलेलं असतं. उरलेल्यांवर ‘टेक’ असतं. या दोन्हींतलं काय निवडावं हे ज्यांचं ठरत नाही, ते ‘प्रिसिजन टेक’ लिहून मोकळे होतात. पाट्यांखालची माणसं मात्र एकाच साच्यातली: आधी कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात उमेदीची वर्षं घासलेली, मग एके दिवशी साहेबाशी वाजल्यावर ‘आपलं आपण काहीतरी करू’ म्हणून बाहेर पडलेली. बंगळूरच्या या कोपऱ्यात हे पीक पहिल्यापासून जोमात आहे. १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स स्थापन झाली आणि शेजारच्या जालहळ्ळीत तिचा कारखाना आला. पुढच्या दशकात तुमकूर रोडवर सीएमटीआय ही मशीन टूलवाल्यांची संशोधन संस्था निघाली, आणि सत्तरच्या दशकात सरकारनं पीण्याची वसाहत आखली. आज आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते. लेथ, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंग, वायर कट, म्हणाल ते काम चालत जाण्याच्या अंतरावर होतं. चालत जायला रस्ता सापडला पाहिजे, एवढीच अट.

मी मूळचा बेळगावचा. त्यामुळे मला कन्नड उत्तम येतं असं मराठी लोकांना वाटतं, आणि फक्त मराठी येतं याबद्दल कन्नड लोकांची खात्री असते. साहेबाशी माझंही यथावकाश वाजलं आणि पीण्या सेकंड स्टेजमधल्या एका शेडच्या माळ्यावर मी टेबल टाकलं. काम फिक्श्चरच्या डिझाइनचं. फिक्श्चर म्हणजे मशिनवर जॉब जिथल्या तिथं पक्का धरून ठेवणारा सांगाडा. खालच्या शेडमध्ये मिलिंग सुरू झालं की वर माझा माउस आपणहून सरकायचा आणि कधीकधी माझ्यापेक्षा बरी रेघ मारायचा. धंदा प्रोप्रायटरशिपचा, म्हणजे फर्म म्हणजे मीच. पावती माझ्या नावावर, उधारी माझ्या नावावर आणि शिव्याही माझ्याच.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण एका गिऱ्हाइकाच्या पर्चेस ऑर्डरची मागची बाजू मी वाचली. पीण्यात पर्चेस ऑर्डरची मागची बाजू कोणी वाचत नाही; तिच्यावर हिशेब करतात. तिथं मुंगीच्या अक्षरात छापलं होतं की, डिझाइनमधल्या दोषामुळे होणाऱ्या सर्व प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष नुकसानीला सल्लागार जबाबदार राहील. फी एका फिक्श्चरची आणि जबाबदारी अख्ख्या असेंब्ली लाइनची! त्या रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या घर, स्कूटर आणि बायकोचे दागिने यांची बेरीज केली. बायकोनं विचारलं, ‘काय पुटपुटताय?’ मी म्हटलं, ‘काही नाही, टॉलरन्स काढतोय.’

दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या आतेभावाला फोन लावला. तो तिकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. तो म्हणाला, ‘अरे, पीएलएलसी कर. प्रोफेशनल लिमिटेड लायबिलिटी कंपनी. आमच्याकडे सगळे तेच करतात. पण आधी लायसन्स लागतं हं.’ तिकडे स्वतःला इंजिनिअर म्हणवून काम घ्यायचं तर राज्याच्या बोर्डाची परीक्षा, अनुभव, शिक्का अशी चढण आहे. हे प्रकरण १९०७ साली वायोमिंगपासून सुरू झालं. तिथं पाण्याच्या हक्कांच्या अर्जांसोबतचे नकाशे वकील, नोटरी असे कोणीही काढून खाली इंजिनिअर म्हणून सही ठोकत होते, तेव्हा सरकारनं परवाना आणला. टेक्सासला जाग यायला त्याहून मोठी किंमत पडली. १९३७ च्या मार्चमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेल्या गॅसचा स्फोट होऊन शेकडो मुलं गेली, आणि त्याच वर्षी तिथं इंजिनिअरांचा कायदा झाला.

आपल्याकडे सीएला १९४९ चा कायदा आहे, वकिलाला १९६१ चा, आर्किटेक्टला १९७२ चा. नोंदणी नसताना कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत नाही. महापालिकांकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरांची नोंदणी असते, ती वेगळी. पण माझ्यासारख्या फिक्श्चरवाल्याला देशभर लागू असा परवाना कुठेच नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेल्या विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, १५ सप्टेंबरला, आम्हाला गुलाबाचं फूल देतात, तेवढीच काय ती सरकारदरबारी दखल. म्हणजे ‘प्रोफेशनल’ मला फुकटातच होता येत होतं. पैसे मोजायचे होते ते ‘लिमिटेड’साठी.

पण एवढा मोठा निर्णय घेण्याआधी इतिहास वाचावा असं मी ठरवलं. हातातलं काम टाळायला इतिहासाइतकं प्रतिष्ठित साधन दुसरं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आमच्या बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ‘लिमिटेड’ झाली. त्याच घराण्यानं १९४६ साली बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी केली. बेळगावातून निघून बंगळुरात नाव काढायचं, हा मार्ग माझ्यासाठी आखूनच ठेवलेला होता. त्यांनी आधी नांगर केले, चरक केले आणि मग लिमिटेड केलं. मी फक्त क्रम थोडा बदलणार होतो.

मग भेटला लंडनचा ॲरन सालोमन. बुटांचा धंदा. त्यानं धंद्याची कंपनी केली. एकूण २०,००७ शेअर, त्यांतले २०,००१ स्वतःकडे, आणि कायद्याला सात भागधारक हवेत म्हणून बायको, मुलगी आणि चार मुलगे यांच्या हातावर एकेक शेअर ठेवला. कंपनी बुडाली. येणी थकलेले लोक म्हणाले, कंपनी कसली, हाच तो! प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १८९६ साली निकाल लागला: कंपनी वेगळी, सालोमन वेगळा, तिचं देणं ते त्याचं देणं नव्हे. हे वाचून मी टेबलावर मूठ आपटली. खाली मिलिंग चालू असल्यामुळे ती कोणाला ऐकू गेली नाही.

सीएची गाठ कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्या उभ्या खायच्या हॉटेलात, घेतली. सल्ला फुकट हवा असेल तर पीण्यात ऑफिसात जात नाहीत, बाय-टू कॉफी सांगतात. अर्धा कप संपेपर्यंत त्यांनी सगळे पर्याय मांडले. साधी भागीदारी केली तर भागीदाराचं देणंही आपल्या डोक्यावर. प्रायव्हेट लिमिटेड केली तर सभा, ठराव, दरवर्षी ऑडिट. एकट्याची वन पर्सन कंपनीही निघते, पण तुमच्यासारख्या सल्लागाराला, सार्, एलएलपी बरी. लिमिटेड लायबिलिटी पार्टनरशिप, २००८ चा कायदा. उलाढाल चाळीस लाखांच्या आत आणि भांडवल पंचवीस लाखांच्या आत असेल तर ऑडिटसुद्धा नको.

‘चाळीस लाखांच्या आत राहणं जमेल,’ मी म्हणालो.

‘ते दिसतंच आहे सार्,’ ते म्हणाले. ‘फक्त भागीदार दोन हवेत.’

दुसरा भागीदार घरातच होता. माझा मेहुणा निपाणीचा, पीएलसीचं प्रोग्रॅमिंग करतो आणि तेव्हा आमच्याच वरच्या मजल्यावर राहत होता. मी त्याच्यापुढे संयुक्त भविष्याचं चित्र उभं केलं: यांत्रिक बाजू माझी, विद्युत बाजू त्याची. तो शांतपणे ऐकत होता.

‘दाजी, यात मला काय करावं लागंल?’

‘फक्त सही.’

‘आणि तुम्ही चुकलात तर?’

‘मी चुकत नाही.’

‘म्हणूनच इचारतोय.’

विषय तात्पुरता तिथं थांबला आणि नावाकडे वळला. मला नाव भारदस्त हवं होतं. मी सुचवलेलं प्रत्येक नाव कोणाच्या तरी नावाशी जुळत होतं. बायकोनं मुलाच्या आणि मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर जोडून ‘असा’ हे नाव काढलं. मेहुण्यानं लगेच फोनचा अभिनय करून दाखवला: ‘हॅलो, असा एलएलपीतनं बोलतोय.’ ‘कसा?’ ‘असा.’ शेवटी आडनावापुढे ‘इंजिनिअरिंग कन्सल्टंट्स’ लावलं. तेच पहिल्या दिवशी सीएंनी सुचवलं होतं.

मग आली डिजिटल सही. ती हातानं करत नाहीत. पेन ड्राइव्हसारख्या एका कांडीत येते आणि ती मिळण्याआधी कॅमेऱ्यासमोर आपण आपणच असल्याचं सिद्ध करावं लागतं. आता आमच्याकडची रीत म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बंगळुरात वडिलांचं नुसतं आद्याक्षर लावतात. माझं पॅन कार्ड बेळगावच्या रीतीनं आणि आधार बंगळूरच्या. संगणकानं दोन्ही ताडून पाहिलं आणि या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत असा निर्वाळा दिला.

‘मग झालं तर,’ मी सीएंना म्हणालो, ‘दोन भागीदार हवे होते ना? मिळाले. मेहुण्याला कशाला त्रास?’

ते हसले नाहीत. सीए माणसाला हे असले विनोद रोज ऐकावे लागत असणार.

नोंदणीकृत कार्यालयासाठी पत्ता हवा, पत्त्यासाठी ताजं लाइट बिल हवं आणि बिलावरच्या मालकाचं ना-हरकत पत्र हवं. शेडमालक सज्जन. बिलाची फाइल त्यांनी कापडात गुंडाळून देवघरात ठेवली होती. ती काढली, उदबत्तीची राख झटकली आणि बिल माझ्या हातात दिलं. बिलावर त्यांच्या वडिलांचं नाव होतं. वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मालक गहिवरून म्हणाले, ‘अप्पा असते ना, तर लगेच सही केली असती. फार दिलदार माणूस.’ नाव बदलून घेऊ म्हटलं तर म्हणाले, ‘नाळे बन्नी.’ उद्या या. नव्वदच्या दशकात कर्नाटकात लोकांनी भुताला चकवायला दारावर ‘नाळे बा’ लिहून ठेवलं होतं म्हणतात. भूत यायचं, वाचायचं आणि उद्या येऊ म्हणून परत जायचं. मी त्या भुताच्या निष्ठेनं मालकांच्या दारात जात राहिलो. अखेर बिलावरचं नाव पदरमोड करून मीच बदलून घेतलं. ‘स्वल्प ॲडजस्ट माडि सार्,’ एवढंच मालक म्हणाले, आणि त्याच महिन्यापासून भाडं वाढवलं, कारण आता बिल त्यांच्या नावावर होतं.

हे सगळे कागद ज्या फॉर्ममध्ये घालून पाठवतात त्याचं सरकारी नाव आहे ‘फिलिप’. सीएंच्या ऑफिसातून दिवसाआड फोन यायचा. ‘सार्, फिलिप तयार आहे.’ ‘सार्, फिलिप गेला.’ ‘सार्, फिलिप परत आला.’ बायको शेवटी काळजीनं म्हणाली, ‘त्या फिलिपला एकदा घरी जेवायला तरी बोलवा. सारखा प्रवासच चाललाय बिचाऱ्याचा.’

फिलिप मार्गी लागतोय म्हटल्यावर भागीदारीचा करार करायला बसलो. नोंदणी झाल्यापासून तीस दिवसांत तो दाखल करावा लागतो. मेहुण्याचा चेहरा अजून पडलेला होता. तेव्हा सीएंनी कायद्याचं पुस्तक काढलं आणि कलम २८ वाचून दाखवलं: संस्थेच्या देण्याला भागीदार व्यक्तिशः बांधील नाही, आणि एका भागीदाराच्या चुकीच्या कृत्याबद्दल दुसऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी येत नाही.

‘म्हणजे दाजींनी काय बी केलं तरी माझ्यावर येत न्हाई?’

‘नाही येत.’

‘मग द्या हिकडं.’ त्यानं प्रत्येक पानावर झरझर सह्या केल्या. इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर त्याच्या वाङ्निश्चयालाही पाहिला नव्हता. त्याच कलमात आणखी एक वाक्य होतं आणि तेही सीएंनी वाचलं होतं असं ते नंतर सांगतात. मी त्या वेळी पेन शोधत होतो.

प्रमाणपत्र आलं. मी ते फ्रेम करून माळ्यावर लावलं. मिलिंगच्या हादऱ्यानं तिरकं होई, म्हणून रोज सकाळी लेव्हल लावून सरळ करी. नारळ फोडला. पाटी केली. नव्या नियमानुसार पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, म्हणून रंगाऱ्यानं टेपनं मोजून अक्षरं बसवली. फर्मचं नाव एवढं लांब की त्याचं ६० टक्के झाल्यावर माझ्या पदव्यांना जागाच उरली नाही. ‘डिग्री मागच्या बाजूला लिहू का?’ रंगाऱ्यानं विचारलं.

पुढे लेटरहेड. कायद्याचं कलम २१ म्हणतं की, तुमच्या प्रत्येक बिलावर आणि पत्रावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि ही संस्था मर्यादित जबाबदारीनं नोंदलेली आहे असं विधान छापलं पाहिजे. मी ते ठळक छापलं. त्यात एक दबदबा वाटत होता. पहिलंच कोटेशन घेऊन एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती ओळ वाचली. ‘म्हणजे काही झालं की हात वर करणार?’

‘तसं नाही, हे कायद्यानं छापावं लागतं.’

‘तुम्ही आधीच्या कोटेशनवर असं काही छापत नव्हता.’

‘तेव्हा जबाबदारी अमर्यादित होती.’

‘मग तेच बरं होतं की!’ ते म्हणाले आणि दहा टक्के कमी करून मागितले.

बँकेत गेलो. नवा संगणक आणि सॉफ्टवेअर यांसाठी थोडं कर्ज हवं होतं. मॅनेजरनं प्रमाणपत्र पाहिलं, करार पाहिला, ‘व्हेरी गुड’ म्हटलं आणि दोन्ही भागीदारांच्या वैयक्तिक हमीचे फॉर्म पुढे सरकवले. मी त्यांना सालोमनचा निकाल थोडक्यात सांगितला. त्यांनी तो मन लावून ऐकला. मग म्हणाले, ‘सालोमनचं खातं आमच्याकडे नव्हतं.’ मेहुण्यानं हमीचा फॉर्म बोटांच्या चिमटीत धरून वाचला आणि त्याला अचानक एका साइटवर जायचं आठवलं. हमी माझी एकट्याची गेली. म्हणजे ज्या घराला वाचवायला हा सगळा खटाटोप, त्याच घराचे कागद बँकेच्या कपाटात. वर सीएंनी कळवलं की एलएलपीच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर. प्रोप्रायटरचे टप्पे विसरा. ‘पण नफा कुठं आहे?’ मी विचारलं. ‘तेवढं तुम्ही नीट सांभाळलंय सार्.’ उलाढाल शून्य असली तरी ३० मेपर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ भरायचाच, हेही त्याच फोनवर कळलं.

आता एका गिऱ्हाइकाच्या पंपाच्या हाउसिंगबद्दल. गिऱ्हाइकाचा माल अमेरिकेला जायचा. त्यांनी एका जुन्या ड्रॉइंगचा स्कॅन पाठवला आणि त्याच्यासाठी फिक्श्चर मागितलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमध्ये, एक छोटं चिन्ह असतं: छाटलेला शंकू आणि त्याच्या शेजारी एकात एक दोन वर्तुळं. शंकू कुठल्या बाजूला आहे यावरून ड्रॉइंग फर्स्ट अँगलचं की थर्ड अँगलचं ते कळतं. आपण फर्स्ट अँगल शिकतो. वस्तू डावीकडून जशी दिसते ते दृश्य उजवीकडे काढतो. अमेरिकन मंडळी डावीकडचं डावीकडेच काढतात. एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याच्या नियमानं वाचलं की वस्तूची आरशातली प्रतिमा तयार होते. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी स्वतः एका पॉलिटेक्निकमध्ये यावर व्याख्यान दिलेलं आहे. या स्कॅनमध्ये चिन्हाच्या जागेवर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता, त्यामुळे वर्तुळं भरपूर होती. कुठली कोणाची, हा प्रश्न होता.

माझं डिझाइन तंतोतंत होतं. आरसा धरला असता तर मायक्रॉनचाही फरक सापडला नसता.

फिक्श्चर तयार होऊन मशिनवर चढलं त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सेटर हासनकडचा पोरगेला मुलगा होता. त्यानं कास्टिंग उचलून लोकेटिंग पिनांवर ठेवलं. बसेना. उचललं, फिरवलं, पुन्हा ठेवलं. पिना होत्या तिथं भोकं नव्हती, आणि भोकं होती तिथं क्लॅम्प उभा होता. त्यानं कूलंटनं भिजलेला हात पँटला पुसला, एकदा फिक्श्चरकडे आणि एकदा माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि फार अदबीनं म्हणाला, ‘सार्, इदु उल्टा इदे.’

‘तू जॉब उलटा धरलायस.’

त्यानं काही न बोलता कास्टिंग माझ्या हातात दिलं. चांगलं आठ-नऊ किलोचं होतं. मीही ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. डाव्या हाताचा मोजा कसाही फिरवला तरी उजव्या हाताचा होत नाही, हे भूमितीचं सत्य मी कूलंटसकट छातीशी धरून उभा होतो. शर्टावरचा तो डाग अजून गेलेला नाही.

चार दिवसांत डेबिट नोट आली: प्लेट, पिना, मशिनिंग, हार्डनिंग, वर मशिन रिकामं राहिल्याचा आकार. मी घाबरलो नाही. याच दिवसासाठी तर फिलिपनं एवढ्या खेपा घातल्या होत्या. सीएंना फोन करून म्हणालो, ‘कळवून टाका त्यांना, जबाबदारी मर्यादित आहे.’

पलीकडे पुस्तक उघडल्याचा आवाज आला. ‘सार्, कलम २७. भागीदारानं धंद्याच्या ओघात चूक केली तर संस्था जबाबदार.’

‘संस्था ना? मग ठीक. मी वेगळा, संस्था वेगळी.’

‘पुढे कलम २८, पोटकलम २. भागीदाराच्या स्वतःच्या चुकीबद्दल त्याची वैयक्तिक जबाबदारी कायम राहते. त्या दिवशी वाचलं होतं सार्.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे पूर्वी तुम्ही एकटे जबाबदार होता. आता तुम्ही आणि एलएलपी, दोघं.’

या कायद्याची सगळी खुबी मला त्या क्षणी कळली. सालोमननं बुटांचं माप चुकवलं असतं तर निकाल काय लागला असता हे मी वाचलंच नव्हतं. त्याच्यावर उधारीचा दावा होता. धंदा बुडाला, माल उधार राहिला, जागेचं भाडं थकलं, अशा वेळी ही भिंत मधे उभी राहते. पण सल्लागार विकतो काय? स्वतःचं डोकं. आणि डोकं चुकलं तर भिंतीच्या अलीकडेही तेच आणि पलीकडेही तेच. टेक्सासच्या आतेभावानं सांगितलं की तिकडेही पीएलएलसी करून स्वतःच्या हातचं पाप फिटत नाही. त्यासाठी लोक व्यावसायिक विमा उतरवतात. ‘हे आधी का नाही बोललास?’ ‘तू विचारलंस कंपनीबद्दल.’ मेहुण्याच्या चुकीची झळ मला लागणार नाही, एवढं संरक्षण मी रीतसर फी भरून मिळवलं होतं. पण मेहुणा चुकायला तयार नव्हता.

उलट, तो निघायला तयार होता. चाकणला त्याला चांगली नोकरी चालून आली. कायद्यानं भागीदाराला तीस दिवसांची लेखी नोटीस देऊन बाहेर पडता येतं. ती त्यानं जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या पातेल्याला टेकवून मला दिली. वर ‘प्रति, नियुक्त भागीदार’ असं लिहिलं होतं. ‘दाजी, पोच द्या,’ तो म्हणाला. मी कलम ६ काढलं. भागीदार दोनाच्या खाली गेले आणि जाणूनबुजून तसाच धंदा सहा महिन्यांहून जास्त चालवला, तर पुढच्या काळातल्या देण्यांना उरलेला एकटा व्यक्तिशः बांधील. म्हणजे मेहुणा गेला की फिरून मी, घर, स्कूटर आणि दागिने. मी त्याला मटणाचं आमिष दाखवलं, विमानाचं भाडं देऊ केलं. शेवटी चाकणहून भागीदार राहायला तो तयार झाला. ‘पण एका अटीवर,’ तो म्हणाला, ‘ताईला बी घ्या.’

बायको कॉमर्सची पदवीधर. तिनं करार लाल पेन घेऊन वाचला. असा तो आजवर कोणीच वाचला नव्हता, मीही नाही. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं एक वाक्य तिला फार आवडलं: करारात वेगळं काही नसेल तर निर्णय बहुमतानं, प्रत्येक भागीदाराला एक मत. आमच्या करारात वेगळं काही नव्हतं. नमुना मसुदा जसाच्या तसा उतरवण्याचा आग्रह माझाच होता. माझं भांडवल सर्वांत जास्त, काम सर्वांत जास्त, आणि मत एक. बहीण-भावाची मतं दोन.

पहिला ठराव दोन विरुद्ध एक असा मंजूर झाला: यापुढे विमा उतरवल्याशिवाय नवी ऑर्डर घ्यायची नाही आणि फर्मचं एकही ड्रॉइंग टायटल ब्लॉकमधल्या ‘चेक्ड बाय’च्या रकान्यात दुसऱ्याची सही झाल्याशिवाय बाहेर जाणार नाही. दुसरी म्हणजे बायको. दोन रविवारांत ती शंकू आणि वर्तुळं शिकली. आता ती ड्रॉइंग हातात घेते, आधी कोपरा बघते, मग माझ्याकडे बघते, आणि विचारते, ‘हे नक्की कुठल्या बाजूनं बघायचं?’ परवा एका ड्रॉइंगवर सही करायला तिनं नकार दिला. पिना पुन्हा पलीकडे गेल्या होत्या. थोड्या.

मी चिडून तिला सालोमनची गोष्ट ऐकवली: एवढी मोठी कंपनी, हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गाजलेली, आणि त्याच्या बायकोकडे शेअर किती होता? एक! ती कधी मधे बोलली नाही.

‘म्हणूनच बुडाली ती,’ बायको म्हणाली आणि ड्रॉइंग माझ्याकडे परत सरकवलं.